गॅस गिझरला प्रेशर स्विचचा एरर: नवा स्विच मागवण्याआधी हे क्रमाने तपासा

डिस्प्लेवर प्रेशर स्विचचा कोड आला की बहुतेक जण थेट नवा स्विच मागवतात. नवा बसतो, चार दिवस गिझर नीट चालतो आणि मग तोच कोड पुन्हा येतो. कारण जुना स्विच बहुधा बिघडलेलाच नसतो. जळलेला वायू बाहेर नेण्याएवढी हवा वाहत नाही, म्हणून तो गॅस सुटू देत नाही. म्हणजे त्याचं काम तो चोख करत असतो.

याहून वाईट चूक म्हणजे स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून गिझर ‘डायरेक्ट’ करणं. असं केल्यावर पाणी गरम होतं, पण फ्लू पाईप (जळलेला वायू बाहेर नेणारा पाईप) तुंबलेला असला तरी बर्नर पेटत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. तपासणीसाठी पाच मिनिटं म्हणून केलेलं डायरेक्ट विसरून तसंच राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. खाली दिलेल्या एकाही पायरीला स्विच डायरेक्ट करावा लागत नाही.

हा लेख फॅन असलेल्या गॅस गिझरसाठी आहे, मग तो टाकीचा असो की इन्स्टंट. तुमच्याकडे फॅन नसलेला, सेलवर चालणारा साधा गिझर असेल तर पायरी १ वाचा. तुमचं उत्तर तिथेच आहे.

## आधी गिझरचा सुरू होण्याचा क्रम समजून घ्या

पुढची सगळी तपासणी या क्रमावर उभी आहे. यात ‘जुळला’ म्हणजे स्विचमधून करंट पुढे जातो आणि ‘सुटला’ म्हणजे जात नाही.

१. टाकीचा थर्मोस्टॅट किंवा इन्स्टंट गिझरचा फ्लो सेन्सर गरम पाणी मागतो.
२. कंट्रोल बोर्ड आधी प्रेशर स्विच सुटलेला आहे ना, हे बघतो. फॅन बंद असताना तो सुटलेलाच हवा.
३. फॅन सुरू होतो.
४. फॅनमुळे हवेच्या दाबात फरक पडतो. हा फरक बारीक नळीतून स्विचच्या डायफ्रॅमपर्यंत, म्हणजे आतल्या लवचीक पडद्यापर्यंत, पोचतो आणि स्विच जुळतो.
५. त्यानंतरच ठिणगी किंवा इग्नायटर, मग गॅस व्हॉल्व्ह आणि शेवटी ज्योत लागल्याची खात्री.

म्हणजे प्रेशर स्विचची पाळी गॅसच्या आधी येते. ही गोष्ट तपासणीत फार उपयोगी आहे: गॅसचा कॉक बंद ठेवूनही स्विच जुळतो की नाही हे पाहता येतं. फॅन फिरेल, स्विच जुळेल, गिझर पेटायचा प्रयत्न करेल आणि ज्योत न मिळाल्याने लॉकआउट होईल, म्हणजे स्वतःला बंद करून घेईल. त्यानंतर कोड बदलून ‘ज्योत नाही’ असा आला, तर या खेपेला प्रेशर स्विच जुळला असं समजा.

गॅस कमी दाबाने येत असेल तर कोड ज्योतीचा येतो, हवेच्या प्रेशर स्विचचा नाही. त्यामुळे या एररसाठी सिलिंडर किंवा रेग्युलेटर बदलून काही उपयोग होत नाही.

## तयारी

हे सगळं हाताशी घेऊनच झाकण उघडा:

- गिझरचं मॅन्युअल. ते हरवलं असेल तर पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वायरिंगची आकृती आणि कोडची यादी बहुधा चिकटवलेली असते. मॉडेल बदललं की कोडचा अर्थही बदलतो, म्हणून शेजारच्या गिझरची यादी वापरू नका.
- मल्टिमीटर. प्रोबला क्लिप लावता येत असतील तर उत्तम, हात मोकळे राहतात.
- टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश.
- स्विचच्या नळीच्या मापाचा टी-जोड आणि साधारण दीड मीटर पारदर्शक नळी. पायरी ७ साठी.
- चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म. नसेल तर आधी तो आणा.

मोबाईलवर फोटो काढा: नळी कोणत्या टोकाला आहे, कोणती वायर कुठे आहे. नळी काढण्याआधी तिच्यावर टेपची खूणही करा. स्विचला दोन टोकं असतील तर नळ्यांची अदलाबदल ही अगदी नेहमीची चूक आहे आणि ती झाली की स्विच कधीच जुळत नाही.

> थांबा: गॅसचा वास येत असेल तर कोणतंही बटण चालू-बंद करू नका. शक्य असेल तर गॅसचा मुख्य कॉक बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊन करा. गिझर चालू असताना घरातल्यांना डोकेदुखी, मळमळ, गरगरणं असं काही झालं असेल तरीही तेच: गिझर बंद, सगळे मोकळ्या हवेत, मग डॉक्टर. अशा वेळी तपासणी स्वतः करायची नाही.

बर्नरचा सीलबंद कप्पा, गॅस व्हॉल्व्ह आणि गॅसची लाईन यांना हात लावायचा नाही. ते परवानाधारक तंत्रज्ञाचं काम आहे. आपण फक्त हवेची वाट, नळी, वायरी आणि स्विच पाहणार आहोत.

## पायरी १: तुमच्या गिझरमध्ये नक्की कोणता स्विच आहे?

प्रेशर स्विच या नावाने तीन वेगवेगळ्या वस्तू ओळखल्या जातात आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

हवेचा प्रेशर स्विच. तळहातात मावेल अशी गोल चकती, बहुधा प्लास्टिकची. तिला एक किंवा दोन बारीक नळ्या आणि दोन-तीन वायरी जोडलेल्या असतात. नळी फॅनच्या घरापर्यंत जाते. हा लेख याच्याबद्दल आहे.

पाण्याच्या दाबावर चालणारा मायक्रोस्विच. फॅन नसलेल्या, सेलवाल्या गिझरमध्ये पाण्याच्या इनलेटपाशी डायफ्रॅम असतो. नळ उघडला की तो एक पिन ढकलतो, पिन मायक्रोस्विच दाबते आणि ठिणगी सुरू होते. इथे नळ उघडूनही टकटक येत नसेल तर आधी सेल बदला. मग इनलेटची जाळी काढून धुवा, कारण त्यात गाळ आणि क्षार अडकतात. तरीही जमलं नाही तर पाण्याचा प्रवाहच कमी आहे का ते बघा. बादलीचा नळ पूर्ण सोडल्यावर गिझर पेटतो आणि शॉवरवर पेटत नाही, असं होत असेल तर दोष शॉवरच्या तुंबलेल्या भोकांत असू शकतो. डायफ्रॅम फाटला असेल किंवा पिन अडकत असेल तर दुरुस्ती तंत्रज्ञाची.

गॅसच्या दाबाचा स्विच. मोठ्या व्यावसायिक गिझरमध्ये गॅसच्या लाईनवर असतो. याला हात लावू नका, तंत्रज्ञाला बोलवा.

## पायरी २: झाकण न उघडता ऐका

गॅसचा कॉक बंद करा, वीज चालू ठेवा, गिझर रीसेट करा आणि गरम पाण्याची मागणी द्या. इन्स्टंट असेल तर गरम नळ पूर्ण सोडा, टाकीचा असेल तर तापमान वाढवा. आता कान द्या.

फॅन सुरूच होत नाही, लगेच कोड येतो. बोर्डाला स्विच आधीपासूनच जुळलेला दिसतोय. याचे संशयित थोडे आहेत: आतून चिकटलेले कॉन्टॅक्ट, नळीत अडकलेलं पाणी, दोन वायरी एकमेकींना चिकटणं, किंवा आधीच्या कोणीतरी डायरेक्ट करून तसंच ठेवलेलं असणं. शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. सेकंडहँड घेतलेल्या किंवा जुन्या घरात मिळालेल्या गिझरमध्ये आधी तेच शोधा. पायरी ४ कडे जा.

फॅन सुरू होत नाही आणि कोड काही वेळाने येतो. फॅनला वीज मिळते का, पंखा हाताने मोकळा फिरतो का, हे तंत्रज्ञाकडून बघून घ्या. इथे स्विचचा दोष नाही.

फॅन फिरतो, पण ठिणगीची वेळ येतच नाही. स्विच जुळत नाही. सर्वांत जास्त तक्रारी याच प्रकारच्या असतात. पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

या परीक्षेत सगळं ठीक, पण गॅस चालू असताना गिझर मधेच विझतो. हवा काठावर आहे. थंड असताना जेमतेम जुळणारा स्विच गिझर तापल्यावर किंवा वारा सुटल्यावर सुटतो. पायरी ३ आणि ७ तुमच्यासाठी आहेत.

फॅनचा आवाजही नीट ऐका. घरघर, खरखर, किंवा नेहमीपेक्षा हळू चढणारा वेग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

> तपासा: गॅस उघडा असताना पुन्हा पुन्हा रीसेट करू नका. न जळलेला गॅस साचण्याचा धोका असतो. कॉक बंद आहे याची खात्री करूनच रीसेट दाबा.

## पायरी ३: बाहेरून सुरुवात करा

लोक झाकण आधी उघडतात आणि भिंतीबाहेरचं टोक सगळ्यात शेवटी बघतात. क्रम उलटा हवा.

गिझर पूर्ण थंड झाला की फ्लू पाईपचं बाहेरचं टोक टॉर्चने बघा. जाळीवर कोळिष्टकं, आत घरटं, कुंभारमाशीने लिंपलेली माती, सुकलेली पानं, थंड प्रदेशात बर्फ. यातलं काहीही पुरेसं असतं. हवा आत घेणारा वेगळा पाईप असेल तर तोही तसाच बघा. तो बहुधा विसरला जातो.

मग पूर्ण पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेखालून घाला:

- आडवा पाईप मधेच झुकलाय का? आधाराची पट्टी सैल झाली की पाईपला पोट येतं, त्यात वाफेचं पाणी साचतं आणि हवेला जेमतेम अर्धी वाट उरते. बाहेरून पाईप धडधाकट दिसतो, म्हणून हे पटकन कळत नाही. पाईपवर हलकी थाप मारली की आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. उतार कुठल्या बाजूला हवा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.
- पाईपची लांबी आणि वळणं मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहेत का? बसवल्या दिवसापासून अधूनमधून त्रास देणाऱ्या गिझरचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं. प्रत्येक वळण हवेच्या दृष्टीने काही फूट सरळ पाईपएवढं असतं. लोक लांबी मोजतात, वळणं मोजत नाहीत.
- नंतर कोणी खिडकीला झडप, छज्जा किंवा पत्रा बसवला का? टोकासमोरची जागा अडली की बाहेर पडलेली हवा परत आत ढकलली जाते.

गिझर खोलीतलीच हवा वापरत असेल तर आणखी एक सोपी परीक्षा करा. खिडकी आणि दार सताड उघडून चालवा. मग सगळं बंद करून, स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावून चालवा. कोड दुसऱ्याच वेळी येत असेल तर खोलीत हवा कमी पडते आहे आणि एक्झॉस्ट फॅन गिझरच्या फॅनशी ओढाताण करतो आहे. यावर खोलीत कायमचे मोकळे झरोके ठेवणं हाच उपाय आहे. ‘गिझर लावताना खिडकी उघडी ठेवा’ असं घरच्यांना सांगणं हा उपाय नाही, ते एक दिवस विसरणारच.

## पायरी ४: नळी आणि तिची टोकं

आता वीजही बंद करा. प्लग काढा किंवा एमसीबी पाडा, नुसतं गिझरचं बटण नको. झाकण उघडा.

नळी स्विचपासून फॅनपर्यंत बोटांनी चाचपत जा. उष्णतेने रबर कडक होतं आणि जोडापाशी बारीक तडा जातो. नळी सरळ असताना तो दिसत नाही, टोक थोडं वाकवलं की उघडतो. तडा टोकालाच असेल आणि नळी पुरेशी लांब असेल तर तेवढं कापून पुन्हा बसवता येतं. मधे असेल तर त्याच मापाची, उष्णता सहन करणारी नळी घाला. वर चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे महिन्याभराची सोय.

नंतर नळी दोन्ही टोकांनी काढा आणि आत बघा. पाण्याचा एक थेंब पुरतो. पायरी २ मधला ‘फॅन सुरूच होत नाही’ हा प्रकार अशा पाण्याने होऊ शकतो, आणि ‘स्विच जुळत नाही’ हाही. नळी झटकून कोरडी करा. पण पाणी कशामुळे आलं, हेही बघा. नळी मधे लोंबकळत असेल तर त्या खोलगट भागात वाफ थंड होऊन पाणी साचतं. नळी अशी बसवा की स्विचकडून फॅनकडे सलग उतार राहील.

मग फॅनच्या घराला असलेलं नळीचं टोक बघा. काजळी, गंज, धूळ यांनी त्याचं छिद्र बुजतं. बारीक तारेने हलक्या हाताने साफ करा. छिद्र मोठं करू नका. ते मुद्दाम त्या मापाचं ठेवलेलं असतं. ड्रिल मारून मोकळं केलेलं छिद्र म्हणजे चुकीचं रीडिंग कायमचं.

> थांबा: नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात फुंकर, कॉम्प्रेसरची हवा किंवा तोंडाने जोरात ओढणं, काहीही करू नका. हा स्विच साधारणपणे काही दहा ते काहीशे पास्कल एवढ्या नाजूक दाबावर चालतो. तोंडाने ओढलेला दाब त्याच्या कित्येक पट असतो. चांगला डायफ्रॅम तपासताना फाटतो आणि मग ‘बघा, स्विचच खराब होता’ असा निष्कर्ष निघतो.

## पायरी ५: पाण्याचा निचरा

हा भाग फक्त कंडेन्सिंग गिझरसाठी, म्हणजे ज्यातून पाण्याची एक बारीक नळी ड्रेनकडे जाते. ती नळी किंवा तिचा ट्रॅप (पाणी धरून वायू अडवणारा भाग) तुंबला की पाणी मागे चढतं आणि हवेची वाट अडवतं. ट्रॅप काढून धुवा. परत बसवताना त्यात पाणी भरा, कारण रिकाम्या ट्रॅपमधून जळलेला वायू खोलीत येऊ शकतो. बाहेरची नळी वाकून दबलेली नाही आणि तिचं टोक ड्रेनच्या पाण्यात बुडालेलं नाही हेही बघा.

## पायरी ६: वायरी आणि स्विचचे कॉन्टॅक्ट

वीज बंदच. स्विचवरची प्रत्येक लग (वायरीच्या टोकाची धातूची क्लिप) हलकेच ओढून बघा. सैल लग, हिरवट किंवा काळी पडलेली टर्मिनल, गरम भागाला टेकून वितळलेलं इन्सुलेशन शोधा.

स्विचच्या एका बाजूच्या वायरी एकेक करून काढा आणि मीटर ओहमवर ठेवून कॉमन (सामाईक) आणि एन.ओ. (एरवी सुटलेलं) या टर्मिनलमध्ये मोजा. फॅन बंद आहे, म्हणजे मीटरने काहीच कंटिन्युइटी दाखवायला नको. दाखवत असेल, नळीही काढलेली असेल आणि तरी स्विच जुळलेलाच असेल, तर स्विच आतून चिकटला आहे. तो बदलायचा, पायरी ८ वर जा.

काही गिझरमध्ये दुसराही एक स्विच असतो. तो एरवी जुळलेला असतो आणि पाईप तुंबून उलटा दाब आला की सुटतो. म्हणून ‘बंद असताना सुटलेलाच हवा’ हा नियम आंधळेपणाने लावू नका, आकृतीत स्विच कसा काढलाय ते पाहा. शिवाय बऱ्याच ठिकाणी तापमानाचा सेफ्टी स्विच याच साखळीत असतो. तो सुटला तरी बोर्ड प्रेशर स्विचचाच कोड दाखवू शकतो. साखळीतला प्रत्येक स्विच वेगळा मोजा.

आता चालू स्थितीत. स्विचला किती व्होल्ट येतात हे आकृतीत आधी बघा. काही ठिकाणी २४ व्होल्ट एसी असतात, काही ठिकाणी ५ किंवा १२ व्होल्ट डीसी. घरातला पूर्ण व्होल्टेज थेट स्विचवर येत असेल आणि तुम्हाला चालू वायरिंगवर काम करायची सवय नसेल, तर इथेच थांबा. नाहीतर वायरी परत लावा, मीटरच्या क्लिप स्विचच्या दोन टर्मिनलवर लावा, हात बाहेर काढा, मग वीज द्या. गॅस अजूनही बंदच.

फॅन फिरायला लागल्यावर:

- मीटर पुरवठ्याएवढे व्होल्ट दाखवतो: स्विच सुटलेला आहे.
- मीटर जवळपास शून्यावर येतो: स्विच जुळला.
- एक-दोन व्होल्ट राहतात किंवा आकडा उड्या मारतो: कॉन्टॅक्ट जळलेले आहेत किंवा हवा काठावर आहे.

यात एक सापळा आहे. पुरवठाच नसेल तरी मीटर शून्यच दाखवतो. ‘शून्य आला म्हणजे स्विच ठीक’ म्हणण्याआधी स्विचच्या एका टर्मिनलवर आकृतीप्रमाणे पुरवठा पोचतोय हे वेगळं मोजा. पोचत नसेल तर तुटलेली वायर मागे कुठेतरी आहे.

फॅन पूर्ण वेगात असताना स्विच जुळत नसेल आणि त्यावर नखाने टिचकी मारताच जुळत असेल, तर डायफ्रॅम किंवा कॉन्टॅक्ट अडकतो आहे. स्विचच खराब असल्याचा हा मोजक्या स्पष्ट पुराव्यांपैकी एक आहे.

## पायरी ७: दाब मोजा. निकाल इथे लागतो

इथपर्यंतचं सगळं ठीक आहे आणि स्विच तरी जुळत नाही. आता प्रश्न एकच: दाब कमी पडतोय, की पुरेसा दाब असूनही स्विच जुळत नाही? अंदाजाने नवा स्विच मागवणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) असेल तर छान. नसेल तर बांधकामावर लेव्हल बघायला वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या. तिला इंग्रजी यू अक्षराचा आकार देऊन पुठ्ठ्यावर टेपने पक्की करा आणि निम्म्यापर्यंत पाणी भरा. दोन्ही बाजूंना पाण्याच्या वर किमान १५ सेंटिमीटर मोकळी नळी ठेवा आणि ही यू-नळी स्विचच्या खालच्या पातळीवर टांगा, म्हणजे पाणी स्विचमध्ये ओढलं जाणार नाही.

स्विच आणि फॅनमधल्या नळीत टी-जोड घाला. त्याच्या तिसऱ्या टोकाला यू-नळीची एक बाजू जोडा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. स्विचच्या दोन्ही टोकांना नळ्या असतील तर दोन टी-जोड लागतील आणि यू-नळीची एकेक बाजू एकेकाला जोडायची, कारण स्विचला दोन्हींतला फरकच कळतो.

फॅन सुरू करा. एका बाजूचं पाणी चढेल, दुसरीकडचं उतरेल. दोन्ही पातळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. एकाच बाजूचा चढ मोजणं ही इथली नेहमीची चूक, त्याने उत्तर निम्मं येतं.

आता स्विचवर छापलेला आकडा बघा. तो इंच वॉटर कॉलममध्ये, मिलिमीटरमध्ये किंवा पास्कलमध्ये असतो. १ इंच वॉटर कॉलम म्हणजे सुमारे २४९ पास्कल, आणि १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ९.८ पास्कल. स्विचवर ०.६० इंच असेल तर तुमच्या नळीत साधारण १५ मिलिमीटर फरक यायला हवा.

समजा १५ लागतात आणि:

- २२ दिसतात, स्विच जुळत नाही. स्विच खराब. बदला.
- ९ दिसतात, स्विच जुळत नाही. स्विच बरोबर आहे. हवा कुठे अडते ते शोधा.
- १६ दिसतात, स्विच जुळतो. काठावर आहे. आज चालेल, वाऱ्याच्या दिवशी बंद पडेल. गिझर तापल्यावर हा फरक आणखी घटतो, म्हणून थंड असतानाच चांगली मोकळीक हवी.

रीडिंग कमी असेल तर फॅन आणि पाईप यांतला दोषी वेगळा करता येतो. गॅस बंद, गिझर थंड. फॅनच्या तोंडापासून फ्लू पाईपचा जोड सहज सुटत असेल तर सोडवा आणि पुन्हा मोजा. रीडिंग एकदम वाढलं तर अडथळा पाईपमध्येच आहे, पायरी ३ पुन्हा करा. वाढलं नाही तर फॅन कमजोर आहे: पात्यांवर साचलेली धूळ, सैल पंखा, उतरलेला कपॅसिटर, किंवा लांब एक्स्टेन्शन बोर्डमुळे मिळणारा कमी व्होल्टेज. शेवटचं कारण फुकटात सुटतं, म्हणून आधी गिझर थेट सॉकेटला लावून बघा. चिकटवलेले, सील केलेले जोड मात्र कापू नका.

> थांबा: सोडवलेला फ्लू पाईप पूर्ववत घट्ट बसवल्याशिवाय गॅसचा कॉक उघडायचा नाही. कॉकवरच कागद चिकटवून ठेवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. अडथळा नळीच्या जागेच्या अलीकडे, म्हणजे हवा आत येण्याच्या बाजूला असेल तर काही रचनांमध्ये ओढ उलट वाढते. रीडिंग भरपूर आणि ज्योत मात्र बिघडलेली, पिवळी, असं दिसलं तर स्विचच्या मागे लागू नका. तंत्रज्ञाला बोलवा.

## पायरी ८: स्विच बदलायचाच ठरला तर

तोच पार्ट नंबर घ्या. दिसायला सारखे दोन स्विच वेगवेगळ्या दाबाचे असतात. कमी दाबावर जुळणारा बसवला तर एरर जाईल खरा, पण धोक्याच्या वेळीही तो गॅस सुटू देईल. जवळजवळ डायरेक्ट केल्यासारखंच. काही स्विचला मागे ॲडजस्टिंग स्क्रू असतो, त्यावर लाख किंवा रंग लावलेला असतो. तो फिरवायचा नाही. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असते, तिथे काही कंपन्या वेगळ्या दाबाचा स्विच देतात, तेव्हा मॉडेलसोबत ठिकाणाची उंचीही सांगा.

जुना स्विच ज्या कोनात होता त्याच कोनात नवा बसवा. डायफ्रॅम आडवा की उभा यानेही तो जुळण्याचा दाब थोडा बदलतो.

## पायरी ९: चालवून खात्री करा

टी-जोड काढा, नळी मूळ जागी लावा, फोटोशी ताडून बघा, झाकण बसवा. काही गिझरमध्ये झाकण हा हवेच्या सीलचाच भाग असतो. त्यांची झाकण उघडं असतानाची परीक्षा खोटी ठरते.

कार्बन मोनॉक्साइड अलार्म जवळ ठेवून गॅस उघडा. दारं-खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन चालू, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थितीत, पंधरा-वीस मिनिटं चालवा. पाईपचे जोड बघा. मग बंद करून पुन्हा सुरू करा, थंड असताना एकदा आणि गरम असताना दोन-तीनदा. जोराचा वारा असलेल्या दिवशीही एकदा चालवून बघा, विशेषतः तक्रार अधूनमधून येणारी असेल तर.

तरीही कोड आला तर तंत्रज्ञाला फोन करताना ‘गिझर चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोड कोणता, फॅन फिरल्यावर किती वेळाने येतो, स्विचवर छापलेला आकडा काय, यू-नळीतला फरक थंड असताना किती, फ्लू पाईप सोडवल्यावर तो वाढला का, आणि खिडकी उघडल्याने काही बदलतं का, हे सांगा. आणि त्याने येताच दोन वायरी जोडून ‘बघा, चालू झाला’ म्हटलं, तर गॅसचा कॉक बंद करून दुसरा तंत्रज्ञ शोधा.